मुदतवाढ कोणाला?

दिनांक 29 मार्च 2025 रोजी बंगळूरूच्या कंठीरवा क्रीडांगणावर मुंबई सिटी संघाचा पाच विरुद्ध शून्य असा धुव्वा उडाला, तेव्हा या शहरातील फुटबॉलप्रेमी मंडळींना पराभवापेक्षाही एक गोष्ट अधिक झोंबली असेल. पाचवा गोल ज्याने केला तो होर्हे पेरेरा दियाझ, वर्षही पुरे झाले नव्हते तोवर मुंबईचाच खेळाडू होता. 4 मे 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात मुंबई एका गोलाने मागे पडली असता बरोबरी साधून देणारा गोल त्याचाच. तो सामना मुंबईने तीन विरुद्ध एक असा जिंकला व करंडक या शहरात आला. करंडक उंचावणाऱ्या त्या संघाचा कर्णधार राहुल भेके हा तर मुंबईत वाढलेला. तोही त्याच उन्हाळ्यात बंगळूरूकरांच्या गोटात गेला, आणि मधल्या फळीचा सूत्रधार अल्बर्टो नोगेरा हाही गेला. तिघांचे मुंबईशी असलेले करार संपले होते. ते पुढे चालू राहिले नाहीत, इतकेच.

या तिघांना सोडण्यात मुंबई सिटीच्या चालकांनी घोडचूक केली, असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता. पाच गोल स्वीकारल्यानंतर शहाणपण सुचणे सोपे असते. परंतु त्या तिघांचीही तिशी उलटून तीन-चार वर्षे झाली होती, हे विसरता येत नाही. क्लबच्या हिशेबनिसाने वही उघडून जन्मतारखा पाहिल्या असत्या, तर त्याने निःशंक मनाने तिन्ही नावांवर रेघ ओढली असती, आणि कागदावर त्याला कोणी दोषही दिला नसता. कागदावर निर्दोष असलेला निर्णय मैदानावर इतका महाग पडावा, यातच व्यावसायिक खेळातील एका अत्यंत कठीण प्रश्नाचे मूळ आहे. तो प्रश्न असा की, करार संपत आलेल्या खेळाडूंपैकी मुदतवाढीस पात्र कोण, हे ठरवावे कसे व कोणी?

हा प्रश्न आज जितका अवघड वाटतो तितका तो पूर्वी नव्हता, कारण पूर्वी त्यात खेळाडूला काही बोलावयाचेच नसे. इंग्लंडमध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत हंगाम संपला की प्रत्येक क्लब ‘राखून ठेवलेल्या’ खेळाडूंची यादी प्रसिद्ध करी. यादीत नाव असले की करार संपूनही तो खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नसे, आणि यादीतून नाव गळले की त्याचे अंथरूण-पांघरूण रस्त्यावर. वेतनाची कमाल मर्यादा आठवड्याला वीस पौंड असे. ती 1961 साली उठली. न्यूकॅसल क्लबने जॉर्ज ईस्टहॅमला सोडण्याचे नाकारले, तेव्हा तो गृहस्थ कित्येक महिने फुटबॉल सोडून दुसरी नोकरी करीत राहिला. अखेर 1960 साली तो आर्सेनलकडे गेला, पण खटला त्याने मागे घेतला नाही. 1963 साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही राखून ठेवण्याची पद्धत माणसाच्या धंद्यावर गैरवाजवी बंधन घालणारी आहे असा निर्वाळा दिला. त्यानंतर बेल्जियममध्ये जाँ-मार्क बोस्मान याचा करार 1990 साली संपला. क्लबने त्याला नवा करार देऊ केला तो पूर्वीच्या पगाराच्या चौथ्या हिश्शावर, आणि फ्रान्समधील डंकर्क क्लबकडे जावयाचे तर पैसे मोजल्याविना सोडण्यास नकार दिला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपला की खेळाडू मोकळा.

तेव्हापासून तराजूचे पारडे फिरले. जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांप्रमाणे सामान्यतः करार पाच वर्षांहून अधिक मुदतीचा करता येत नाही, आणि कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला अन्य क्लबाशी उघडपणे करार करण्याची मुभा असते. म्हणजे ज्या खेळाडूस राखावयाचे आहे त्याच्याविषयीचा निर्णय शेवटच्या वर्षात नव्हे, त्याच्या आधीच्या वर्षी झाला पाहिजे. हे ज्याला उमगले नाही त्याची गत काय होते, ते लिव्हरपूलसारख्या मातबर क्लबने 2025 साली पाहिले. सहाव्या वर्षापासून त्याच क्लबच्या अंगणात वाढलेला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड, ऐन सव्विशीत, रेआल माद्रिदला जाऊन मिळाला. दोन वर्षे आधी त्याला विकावयाचे म्हटले असते तर जी रक्कम आली असती तिच्या मानाने हाती पडले ते चिल्लर होते. वरातीमागून घोडे नेण्याचा हा प्रकार पैशाने श्रीमंत असलेल्या क्लबांतही घडतो, हे आमच्याकडील चालकांना दिलासा वाटण्यासाठी आम्ही सांगत नाही.

तथापि दिरंगाई हा दोष सर्वांत मोठा नव्हे. त्याहून घातक आहे ती भीतीपोटी व भिडेपोटी दिलेली मुदतवाढ. आर्सेनलचे उदाहरण घ्या. जानेवारी 2018 मध्ये अलेक्सिस सांचेझ हा त्यांचा बिनीचा खेळाडू मँचेस्टर युनायटेडने नेला. दुसरा मोठा खेळाडू मेसुत ओझिल याचाही करार संपत आला होता. दोघेही एका वर्षात गेले तर लोक काय म्हणतील, या धास्तीने क्लबने त्याला 2021 पर्यंतचा अतिशय भारी करार दिला. पुढे मार्च 2020 नंतर ओझिल आर्सेनलसाठी एकही सामना खेळला नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तर नोंदणीच्या यादीतही त्याचे नाव नव्हते. तरी पगार अर्थातच चालू होता. त्यात ओझिलचा काय दोष? देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले. बार्सिलोनाची कथा याहून उद्बोधक आहे. 20 ऑक्टोबर 2020 रोजी त्या क्लबच्या कार्यकारी मंडळाने पिके, टेर स्टेगन, डी योंग व लाँग्ले या चौघांना एकाच दिवशी लांब मुदतीची वाढ जाहीर केली, आणि त्यानंतर आठवडाही पुरता लोटला नाही तोच 27 तारखेस अध्यक्ष बार्तोमेऊ यांनी राजीनामा दिला. आपण उद्या असणार नाही हे दिसत असताना परवाच्या देण्यांवर सही करणे ही गोष्ट आमच्या नगरपालिकांच्या कारभारात नवी नाही. ती बार्सिलोनातही चालते हे पाहून थोडे नवल वाटते. पुढच्या वर्षी, 5 ऑगस्ट 2021 रोजी, त्याच क्लबला मेस्सीचा नवा करार नोंदविता आला नाही. पगाराची मर्यादा ओलांडली गेली होती. केवळ त्या चार सह्यांमुळे मेस्सी गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या क्लबचे देणे अनेक वर्षांचे होते. परंतु कोणास राखावे याचा विचार न करता सर्वांनाच राखीत गेले की एक दिवस ज्याला राखावयाचे तोच राखता येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मग वयाचा काटेकोर नियम करून मोकळे व्हावे काय? पुष्कळ क्लब असा नियम करतात, आणि तो सोपा असल्यामुळे लोकप्रियही आहे. परंतु सुनील छेत्रीकडे पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये त्याला चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्यापूर्वीच जून महिन्यात त्याने आंतरराष्ट्रीय खेळास निरोपही दिला होता. वयाचा नियम लावणाऱ्या कोणत्याही समितीने त्याला हार घालून, शाल देऊन घरी पाठविले असते. बंगळूरूने तसे केले नाही, आणि त्या हंगामात या चाळिशीच्या माणसाने इंडियन सुपर लीगमध्ये चौदा गोल केले. त्या वर्षी इतके गोल दुसऱ्या कोणाही भारतीय खेळाडूच्या नावावर नव्हते. पुढे मार्च 2025 मध्ये राष्ट्रीय संघालाही त्याला परत बोलवावे लागले, ही आपल्या फुटबॉलची शोकांतिका की त्याची थोरवी, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. रेआल माद्रिदने या बाबतीत एक व्यवहारी मार्ग काढला आहे. पस्तिशी गाठलेल्या लुका मोद्रिचशी त्यांनी दरवर्षी फक्त एका वर्षाचा करार केला. तो 2021 मध्ये झाला, 2022 मध्ये झाला, असा 2024 पर्यंत होत गेला, आणि 2025 च्या उन्हाळ्यात, एकोणचाळीस वर्षांचा असताना, तो मानाने मिलानला गेला. ना क्लबचे नुकसान, ना खेळाडूचा अपमान. दरवर्षी समोरासमोर बसून एकमेकांची परीक्षा घेण्याइतका मोकळेपणा दोन्ही पक्षांत होता, हे त्यातील रहस्य.

एवढे करूनही निर्णय फसत नाही असे नाही. 11 एप्रिल 2025 रोजी लिव्हरपूलने मोहम्मद सालाहला दोन वर्षांची वाढ दिली तेव्हा तो ऐन भरात होता. त्या हंगामात 29 गोल त्याने स्वतः केले, 18 करविले, आणि क्लबने विजेतेपद मिळविले. तेव्हा त्याला सोडा असे म्हणणारा माणूस वेड्यात निघाला असता. आठ महिन्यांनी, डिसेंबरात, तोच सालाह सलग तीन सामन्यांत सुरुवातीच्या अकरांत नव्हता, आणि लीड्सच्या मैदानाबाहेर उभा राहून पत्रकारांपुढे क्लबविरुद्ध जाहीर गाऱ्हाणे मांडीत होता. मुदतवाढ हे मागील कामाचे बक्षीस नसते. पुढील कामाचा तो अंदाज असतो, आणि अंदाज चुकतो. चालकांना आम्ही भविष्य ठाऊक नसल्याबद्दल दोष देणार नाही. अंदाज बांधताना त्यांनी काय पाहिले, एवढेच विचारू.

आमच्या आयुष्याची काही वर्षे शाळेत फळ्यापुढे गेली. एप्रिल महिन्यात वर्गोन्नतीची सभा भरे. पहिल्या दहांचा निर्णय पाच मिनिटांत होई, शेवटच्या चौघांचाही होई, आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही मास्तर मंडळी मधल्या पोरांवरून भांडत असू. गणिताचे मास्तर आकड्यांवर बोट ठेवीत. भाषेचे मास्तर, म्हणजे आम्ही, ‘मुलगा तसा समजूतदार आहे’ असे म्हणत असू, आणि त्यास काही किंमत नसे. फुटबॉलच्या क्लबांतही खरी परीक्षा तारांकित खेळाडूंविषयीच्या निर्णयात होत नाही. ती होते पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या राखीव डाव्या बचावपटूच्या बाबतीत, हंगामात बारा सामने खेळलेल्या दुसऱ्या गोलरक्षकाच्या बाबतीत, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठून नुकत्याच पळू लागलेल्या मधल्या फळीतील मुलाच्या बाबतीत. वृत्तपत्रांतून (त्यात आमचेही आले) यांची नावे क्वचितच येतात. क्लबच्या एका ओळीच्या निवेदनात ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असतात, आणि त्या वाटचालीचा पत्ता कोणास ठाऊक नसतो. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे प्रतिनिधित्व केले. ज्या कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते, त्या गावच्या मुलाला व्यावसायिक फुटबॉलसाठी मुक्काम टाकावा लागला तो जमशेदपुरात, हैदराबादेत.

अशा मधल्या खेळाडूंचा निवाडा करताना आमच्या मते दोन गोष्टींची विशेष गल्लत होते. पहिली, शेवटच्या परीक्षेच्या गुणांवर सारी भिस्त. करार संपण्याच्या सुमारास खेळाडू जीव तोडून खेळतो, जसा विद्यार्थी फाल्गुनात पुस्तक उघडतो. तेवढेच पाहून चालकांनी सही केली की पुढची दोन वर्षे तो पुन्हा पुस्तक मिटून बसण्याचा धोका असतो. उलट वर्षभर इमानाने खेळलेला एखादा शेवटच्या महिन्यात पाय मुरगळून बसला तर त्याचे नाव गळते. दुसरी गल्लत प्रशिक्षकाच्या शब्दाची. प्रशिक्षकाचे मत घेतलेच पाहिजे, परंतु प्रशिक्षक स्वतः किती दिवसांचा सोबती आहे हेही पाहिले पाहिजे. मुंबई सिटीस विजेतेपदाची ढाल जिंकून देणारे डेस बकिंगहॅम नोव्हेंबर 2023 मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना इंग्लंडला ऑक्सफर्डकडे निघून गेले, आणि त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले. एकाच्या पसंतीचा खेळाडू दुसऱ्याच्या रचनेत बसेलच असे नाही. म्हणून ज्याच्या सहीने खेळाडू राहतो तो माणूस क्लबात कायमचा असावा, त्याने तिन्ही हंगामांचे खेळलेले सामने, दुखापतींचा वैद्यकीय इतिहास, त्या जागेवर अन्य कोण उपलब्ध आहे, आणि तो खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत नव्या पोरांना काय शिकवितो, हे सारे पाहावे. भेकेच्या बाबतीत ही शेवटची बाब कोणी मोजली होती काय, याचे आम्हांस कुतूहल आहे. 2019 साली आपल्या अंधेरीच्याच मैदानावर गोव्याविरुद्ध जादा वेळात डोक्याने गोल करून बंगळूरूला विजेतेपद मिळवून देणारा तोच. असले क्षण जगलेला माणूस संघात नुसता बसला तरी त्याचे मोल असते.

परंतु एवढा सारा ऊहापोह करताना लेखणी अडखळते ती एका जागी. खेळाडू मुदतवाढीस पात्र की अपात्र हे ठरविणारा क्लब स्वतः किती मुदतीचा आहे?

या शहरात एके काळी टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया अशा संस्थांचे संघ कूपरेजवर खेळत. त्यांचा खेळाडू हा संस्थेचा नोकर असे. सकाळी हजेरीपटावर सही करून तो सरावाला जाई, आणि गुडघा गेला तर टेबलाशी बसून खतावणी लिही. त्या पद्धतीत खेळाचा दर्जा पुढे सरकला नाही, हे आम्ही मान्य करतो. दुपारी फायली चाळणारा माणूस युरोपातील खेळाडूंशी टक्कर देऊ शकत नाही. पण त्याच्या घरची चूल विझत नसे. व्यावसायिक क्लब आले आणि खुर्ची गेली, करार आला. तो करार तरी टिकावा! 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड 2010 साली बंद झाला. पुण्यात एकामागून एक क्लब निघाले व मिटले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो, तसेच साळगावकर व स्पोर्टिंग हे 2016 साली राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. या सर्व ठिकाणी कोणा खेळाडूची मुदत वाढवावी हा प्रश्न एका फटक्यात सुटला.

आणि 2025 साली तर कहर झाला. जुलै महिन्यात स्पर्धेच्या संयोजक कंपनीने पत्र लिहून कळविले की, अखिल भारतीय महासंघाशी असलेला आपला करार डिसेंबरात संपत असल्यामुळे नवा हंगाम स्थगित ठेवण्यात येत आहे. खेळाडूंच्या करारांचे काटेकोर वजनमाप करणाऱ्या मंडळींना आपला स्वतःचा पंधरा वर्षांचा करार कधी संपतो हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंगळूरूने आपल्या प्रमुख संघाचे व कर्मचाऱ्यांचे वेतन बेमुदत थांबविले. चेन्नईच्या क्लबने कामकाजच स्थगित केले. ज्या छेत्रीने चौदा गोल केले त्याच्या क्लबची ही कथा. ज्यांच्यापाशी 2027 पर्यंतचे रीतसर करार होते आणि ज्यांच्यापाशी काहीच नव्हते, ते दोघेही नोव्हेंबरात एका सुरात ‘आम्हांला खेळू द्या’ अशी जाहीर विनवणी करू लागले. डिसेंबर संपता संपता मुंबई सिटीत 2019 पासून बहुसंख्य वाटा असलेला परदेशी समूह तो वाटा सोडून बाहेर पडला. अखेर सरकारला मध्ये पडावे लागले, आणि 14 फेब्रुवारी 2026 रोजी, तोही आखूड, हंगाम सुरू झाला. त्या सहा-सात महिन्यांत तिशीच्या उंबरठ्यावरील खेळाडूचे जे वर्ष वाया गेले ते त्याला कोणती समिती वाढवून देणार? आणि आता त्याच वर्षी तो पुरेसे सामने खेळला नाही, म्हणून मुदतवाढीस अपात्र ठरविले गेल्याचे ऐकू आले, तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण ज्यांच्यासाठी रचली गेली ते लोक फुटबॉलच्या धंद्यातही आहेत.

यास्तव आमची मागणी माफक आहे. ज्या खेळाडूस पुढील वर्षी ठेवावयाचे नाही त्याला कराराचे शेवटचे सहा महिने सुरू होण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरअखेर, लेखी व कारणासह कळवावे. त्याला अन्यत्र चाचपणी करता येईल. दुखापत झालेल्या खेळाडूचा निवाडा क्लबच्या पगारी डॉक्टरवर न सोपविता त्रयस्थ वैद्याकडून करवावा. 2025-26 च्या खंडित हंगामातील न खेळलेले सामने कोणाही खेळाडूविरुद्ध मोजू नयेत. आणि ज्या क्लबकडे जुन्या वेतनाची थकबाकी आहे त्याला नवा करार नोंदविण्याची परवानगी महासंघाने देऊ नये. थकबाकीदारांची नोंदणी रोखण्याचा अधिकार महासंघाच्या हाती आहे. तो खेळाडूने वर्ष-दोन वर्षे दाद मागितल्यावर नव्हे, नोंदणीच्या दिवशीच वापरला जावा.

मे महिना आला की मुंबई सिटीचे नवे-जुने चालक कोणाला राखले व कोणाला सोडले याची घोषणा करतील. भेके गेला, नोगेरा गेला, आता कोण, हे आम्हीही इतरांप्रमाणे उत्सुकतेने वाचू. परंतु त्या यादीवर अभिप्राय देण्यापूर्वी आम्ही चालकांना एक साधी चौकशी करणार आहोत, आणि तिचे उत्तर मिळाल्यास याच जागी छापू: यादीतील प्रत्येकाचा मागील महिन्याचा पगार झाला काय?